सूर्य फुकट, विश्वास महाग : सौर प्रकल्पांना पैसा मिळतो कसा?



मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा होती. विषय एकच, गच्चीवर सौर पॅनेल बसवायची की नाही. कंत्राटदाराचा माणूस आला होता, त्याने छान हिशेब मांडला. काही वर्षांत पैसे वसूल आणि पुढे पंचवीसाव्या वर्षापर्यंत वीज जवळजवळ फुकट. तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. वय ७८. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे हो. पण पैसे आज मी भरणार, आणि पंचवीस वर्षांनी मी असणार आहे का?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण तो प्रश्न घरी आल्यावरही काही सुटेना.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाने वित्तपुरवठ्यावर का बोलावं? रास्त आहे. आम्ही काही बँकर नाही. पण या विषयात थोडं खोल गेलं की व्याजदर, करार, हमी या सगळ्याच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न सापडतो. वचन म्हणजे काय, आणि ते कोणी, किती काळ पाळायचं? आज आपण तिथपर्यंत जाणार आहोत, पण हिशेबाच्या वाटेने.

सुरुवात एका साध्या फरकापासून करू. कोळशाचं वीज केंद्र म्हणजे खानावळ. रोज भाजी आणायची, रोज शिजवायची, रोज पैसे द्यायचे. उद्या गिऱ्हाईक आलं नाही तर भाजी आणायची नाही. सौर प्रकल्पाचं तसं नाही. तिथे पंचवीस वर्षांचं धान्य पहिल्याच दिवशी कोठारात भरावं लागतं. पॅनेल, जमीन, तारा, इन्व्हर्टर, सगळा खर्च आधी. नंतर इंधनाचा खर्च शून्य, थोडी साफसफाई आणि देखभाल. म्हणजे सौर विजेचा भाव मुख्यतः ठरतो कशावर? पहिल्या दिवशी आणलेला पैसा किती महाग पडला यावर.

हे आकड्यांत पाहू. समजा, एक मेगावॅटचा प्रकल्प उभारायला ४ कोटी रुपये लागले आणि त्यातून वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट वीज निघाली. देखभाल, कर सध्या बाजूला ठेवू. हे ४ कोटी पंचवीस समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहेत. व्याज ५ टक्के असेल तर प्रत्येक युनिटमागे सुमारे १ रुपया ६२ पैसे हप्त्यात जातात. व्याज १० टक्के असेल तर २ रुपये ५२ पैसे. आणि १५ टक्के असेल तर ३ रुपये ५४ पैसे. ऊन तेच, पॅनेल तेच, जमीन तीच. फक्त पैसा महाग झाला आणि वीज दुपटीहून महाग झाली.

आता यातला अन्याय पाहा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते की विकसनशील देशांत ऊर्जा प्रकल्पांसाठी भांडवल श्रीमंत देशांच्या निदान दुप्पट महाग पडतं. जगातल्या उत्तम सूर्यप्रकाशाच्या जागांपैकी सुमारे ६० टक्के जागा आफ्रिकेत आहेत, पण जगाच्या स्थापित सौर क्षमतेतला आफ्रिकेचा वाटा आहे जेमतेम १ टक्का. ऊन ज्यांच्याकडे भरपूर, त्यांनाच ते महाग.

का बरं? कर्ज देणारा व्याजात नुसतं पैशाचं भाडं घेत नाही, भीतीचीही किंमत घेतो. कसली भीती? वीज विकत घेणारी वितरण कंपनी वेळेवर पैसे देईल का? सरकार बदललं तर करार टिकेल का? जमीन मिळेल का, वाहिनी वेळेत उभी राहील का? आणि कर्ज डॉलरमध्ये असेल तर आणखी एक. २०१० साली डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२४ मध्ये ८३ च्या पुढे. दहा लाख डॉलरचं मुद्दल म्हणजे तेव्हाचे साडेचार कोटी, आता सव्वाआठ कोटींहून जास्त. प्रकल्पाची कमाई मात्र रुपयांत. म्हणून परदेशी स्वस्त कर्ज दिसतं तेवढं स्वस्त नसतं. रुपयाच्या घसरणीपासून संरक्षण घ्यायचं तर त्याचेही पैसे मोजावे लागतात.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० साली वचनाबद्दल लिहिताना दोन शेतकऱ्यांचं उदाहरण दिलं आहे. एकाचं पीक आज काढणीला आलंय, दुसऱ्याचं उद्या येणार. आज दुसऱ्याने पहिल्याला मदत करावी, उद्या पहिल्याने त्याची परतफेड करावी, दोघांचाही फायदा. पण आज राबलो आणि उद्या हा आलाच नाही तर? या शंकेने कोणीच कोणाकडे जात नाही आणि दोघांचंही पीक वाया जातं. यात दुष्ट कोणीही नाही. फक्त विश्वासाची सोय नाही. ह्यूमचं म्हणणं असं की वचन ही माणसाने अशा अडचणीसाठीच निर्माण केलेली व्यवस्था आहे. सौर प्रकल्प म्हणजे हेच उदाहरण, फक्त "उद्या" च्या जागी पंचवीस वर्षं.

मग ही सोय आपल्याकडे कशी केली गेली? २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. त्या वर्षाअखेरच्या पहिल्या लिलावात सौर विजेचे भाव युनिटला साधारण ११ ते पावणेतेरा रुपये आले होते. त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवा प्रकल्पाचा लिलाव झाला. ७५० मेगावॅट, २५० चे तीन भाग. पहिल्या वर्षाचा भाव आला २ रुपये ९७ पैशांच्या आसपास, पुढे पंधरा वर्षं दरवर्षी ५ पैसे वाढ. तीन रुपयांच्या आत!

या घसरणीचं मोठं श्रेय स्वस्त झालेल्या पॅनेलना आहे, ते नाकारू नये. पण रीवाचा करार नीट पाहिला तर दुसरंही काही दिसतं. वितरण कंपनीने पैसे थकवले तर काय, याची तीन थरांची तरतूद तिथे होती. आधी बँकेचं पतपत्र. ते पुरलं नाही तर या कामासाठी ठेवलेला राखीव निधी. त्यानंतर राज्य सरकारची हमी. ग्रिड बंद असल्यामुळे वीज घेता आली नाही तर भरपाईची सोय. जमीन आणि अंतर्गत वाहिन्यांची तयारी सरकारी कंपनीकडे, त्यात जागतिक बँकेच्या कर्जाची मदत. शिवाय २४ टक्के वीज घेणारं गिऱ्हाईक दिल्ली मेट्रो. थोडक्यात, बोली लावणाऱ्याची एकेक भीती हेरून कागदावर तिचं उत्तर लिहिलं. भीती कमी झाली, तसा पैसा स्वस्त झाला आणि भाव उतरला.

आता याची दुसरी बाजू. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात नवं सरकार आलं आणि त्याने जुने सौर आणि पवन ऊर्जेचे करार पुन्हा तपासायला घेतले. सरकारचं म्हणणं साधं होतं. बाजारात वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना जुन्या कराराचे त्याहून कितीतरी चढे भाव लोकांनी का मोजावेत? प्रकरण न्यायालयात गेलं, मधल्या काळात प्रकल्पांना कमी दराने पैसे मिळाले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की कराराचाच भाव द्यावा आणि थकबाकी चुकवावी.

मित्रहो, इथे घाईने बाजू घेऊ नका. सरकारचा प्रश्न खोटा नव्हता. महाग विजेचा बोजा शेवटी गरीब ग्राहकावरच पडतो. पण वचनाचा स्वभावच असा आहे की ते गैरसोयीचं होतं तेव्हाच त्याची कसोटी लागते. सोयीचं असताना तर कोणीही पाळतो. आणि जो आज मोडतो, त्याला उद्याच्या प्रत्येक करारात त्या मोडण्याची किंमत व्याजाच्या रूपाने भरावी लागते. भरतो मात्र पुढचा ग्राहक, ज्याने काहीच मोडलेलं नसतं.

अविश्वास केवढा साचू शकतो पाहा. जून २०२२ मध्ये देशातल्या वितरण कंपन्यांकडे सर्व प्रकारच्या वीज उत्पादकांची थकबाकी सुमारे १ लाख ३८ हजार कोटी रुपये होती. मग केंद्राने नियम केले. जुनी बाकी जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडा, नवी थकवाल तर बाजारातून वीज घेण्यावर बंधन येईल. बाकी पुष्कळ खाली आली. म्हणजे विश्वास ही नुसती भावना नाही, ती नियमांनी घडवता येते.

पण आमचा खरा मुद्दा अजून राहिलाय. हमी दिल्याने जोखीम नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. गुंतवणूकदाराच्या खांद्यावरून ती उतरली आणि राज्याच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या खांद्यावर आली. स्वस्त विजेसाठी हे मान्य करता येईल. मात्र मग हमीचा न्याय खालपर्यंत पोचला पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये ठरले आहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्के. योजना चांगल्या आहेत. आम्ही एवढंच विचारतो : ते भाडं थकलं, तो पंप दोन वर्षांत बंद पडला, तर त्या शेतकऱ्यामागे किती थर आहेत? कंपनीमागे पतपत्र, निधी, सरकार असे तीन थर उभे राहू शकतात. शेतकऱ्यामागे तालुक्याच्या कचेरीतले हेलपाटे असून चालणार नाही. त्याचाही पैसा आधी गेलेला असतो, त्याची जमीनही आधी गेलेली असते. ह्यूमच्या गोष्टीत आज राबणारा तोच आहे.

आता त्या ७८ वर्षांच्या गृहस्थांकडे परत येऊ. पंचवीस वर्षांनी मी असेन का, हा त्यांचा प्रश्न. बहुधा नाही. आम्हीही नसू. करारावर सही करणारा मंत्री त्या खुर्चीत नसेल, कर्ज मंजूर करणारा अधिकारी निवृत्त झालेला असेल. माणसं जातात, म्हणून तर संस्था लागतात. वितरण कंपनी, नियामक आयोग, न्यायालय, बँक, यांचं काम हेच की वचन देणारा गेल्यावरही वचन उरावं. ज्या देशाला हे जमतं त्याला ऊन स्वस्त मिळतं.

आमच्या सोसायटीने शेवटी पॅनेल बसवायचं ठरवलं. त्या गृहस्थांनी पहिला धनादेश दिला. आम्ही विचारलं, "काका, मग प्रश्नाचं काय झालं?" म्हणाले, "नातू राहणार आहे ना. फक्त तुमच्या कमिटीने हिशेब नीट ठेवावा."

आता प्रश्न विचारा.