ॲल्युमिनियम कास्टिंगला वेल्ड मारलं, आता तपासायचं काय?

पंपाची बॉडी किंवा सिलिंडर हेड तडकला, तर टिग वेल्डिंगने तो दुरुस्त होतो. पण कास्टिंग ए३५६-टी६ (ए३५६ हा मिश्रधातू, टी६ ही त्याची उष्णता-प्रक्रिया) असेल, तर नुसत्या सुबक वेल्डवर भरवसा ठेवू नका.

टी६ म्हणजे कास्टिंग सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवायचं आणि मग सुमारे १५५ अंशांना काही तास ठेवायचं. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. धातूची ताकद त्यांच्यात असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ही रचना बिघडते आणि वेल्डशेजारचा पट्टा मऊ पडतो.

म्हणून या चाचण्या कराच:

१. डाय पेनिट्रंट: तडा कोरून काढल्यावर एकदा, वेल्डनंतर पुन्हा. ग्राइंडिंगमध्ये मऊ धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं, म्हणून आधी हलकं एचिंग हवं. चुंबकी कणांची चाचणी ॲल्युमिनियमवर चालत नाही.

२. एक्स-रे: हायड्रोजनमुळे आत राहिलेली छिद्रं दिसतात.

३. हार्डनेस: वेल्डवर, शेजारच्या पट्ट्यावर आणि दूरच्या मूळ धातूवर घ्या. तिन्ही आकडे शेजारी लिहा, मऊपणा लगेच कळतो.

४. प्रेशर टेस्ट: पाणी किंवा तेल धरणाऱ्या भागांसाठी.

ताकद परत हवी असेल, तर पूर्ण टी६ पुन्हा करावं लागतं. त्यासाठी वायर आधीच विचारपूर्वक निवडा: ४०४३ मध्ये मॅग्नेशियम जवळपास नसतं, ४००८ मध्ये असतं, म्हणून टी६नंतर वेल्डमध्येही ते ताकद देणारे कण तयार होतात. विझवताना नवे तडे जाऊ शकतात, म्हणून शेवटी पेनिट्रंट आणि हार्डनेस पुन्हा एकदा घ्या.

#फाउंड्री #वेल्डिंग #ॲल्युमिनियम