गाडीची पाठ केवढी, बोजा केवढा?
लहान मालगाडीवर शेतमाल व पाण्याची टाकी लादताना करावयाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात शेतमालाच्या वाहतुकीची परंपरा जुनी आहे. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपास आली. पुढे कित्येक दशके पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस बैलबंड्यांतूनच या पेठेत येत असे. आज बंडीची जागा बहुतेक ठिकाणी लहान मालगाडीने घेतली आहे. २००५ साली टाटा मोटर्सने ‘एस’ ही लहान चारचाकी मालगाडी बाजारात आणली व लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले. त्यानंतर या वर्गातील अनेक गाड्या खेडोपाडी पोहोचल्या. सोयाबीन, तूर, कापूस, संत्री, भाजीपाला, शेळ्या, खत आणि उन्हाळ्यात पाणी, अशी सर्व ने-आण त्यांवर होते.

परंतु बंडी भरण्याचे जे शहाणपण शेतकऱ्याच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते, ते गाडी भरताना पुष्कळदा विसरले जाते. बंडीत बोजा अधिक झाला की बैल मान टाकतो, चढावर अडतो, प्रसंगी खाली बसतो. इंजिनाचे तसे नाही. दुप्पट बोजा घातला तरी ते सपाट रस्त्यावर गाडी ओढते, आणि गाडीला हा बोजा पेलतो असा समज होतो. खरी परीक्षा राजूर घाटाच्या किंवा बोथा घाटाच्या उतारावर होते, आणि तेथे चूक सुधारण्यास वेळ मिळत नाही. म्हणून गाडीची पाठ किती भार पेलते, हा हिशेब माल भरण्यापूर्वीच घरी करणे अवश्य आहे.

हौद्याचे माप म्हणजे भाराचे माप नव्हे

हौदा भरेपर्यंत माल घालावा, ही समजूत सर्वांत घातक होय. पाऊण टनाच्या वर्गातील गाडीचा हौदा साधारणपणे सात फूट लांब, पावणेपाच फूट रुंद व एक फूट उंच असतो. त्यात सुमारे ३३ घनफूट जागा होते. हा हौदा पाण्याने काठोकाठ भरला अशी कल्पना केली, तर त्या पाण्याचेच वजन ९०० किलोहून अधिक होईल. ओली वाळू भरली तर ते दीड टनाच्या पुढे जाईल. उलट, मोकळा कापूस भरला तर हौदा भरूनही भार थोडाच होतो. हौदा एकच, पण माल बदलताच भार कितीतरी पटीने बदलतो. डोळ्यांना जागा दिसते. वजन दिसत नाही.

नोंदणी पुस्तिका काय सांगते?

प्रत्येक मालगाडीच्या नोंदणी पुस्तिकेत किंवा कार्डावर दोन आकडे दिलेले असतात. पहिला ‘अनलेडन वेट’, म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा ‘ग्रॉस व्हेइकल वेट’, म्हणजे गाडी व तिच्यावरील सर्व भार मिळून परवानगी असलेले एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडीची भारक्षमता मिळते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येप्रमाणे रिकाम्या गाडीच्या वजनात चालक व त्याचा मदतनीस यांचे वजन धरलेले नसते. त्याचप्रमाणे गाडी घेतल्यावर गावातील कारागिराकडून बसवून घेतलेली लोखंडी जाळी, वरचा सांगाडा, जादा फळ्या हे काहीही त्यात नसते. हे सारे भारक्षमतेतूनच वजा होते. उरेल तेवढाच मालाचा वाटा.

अमेरिकेतही याच हिशेबाची गफलत पाहावयास मिळते. तेथे लहान पिकअप गाड्यांच्या एका वर्गाला ‘हाफ टन’, म्हणजे अर्ध्या टनाची गाडी म्हणतात. हे नाव फार जुन्या काळचे असून आजच्या गाड्यांची खरी क्षमता त्यावरून कळत नाही. ती दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेली असते, आणि तीत बसणाऱ्या माणसांचेही वजन धरावे लागते. प्रवासाची हौस असलेले लोक अशा गाडीच्या पाठीवर राहण्याची लहानशी खोली बसवतात. खोली हलकी आहे असे पत्रकात वाचून ती घेतली जाते. पण पत्रकातील वजन बहुधा रिकाम्या खोलीचे असते. तीत पाणी, गॅस, अंथरूण-पांघरूण, शिधा आणि माणसे आली की गाडीची क्षमता केव्हाच ओलांडली जाते. आपल्याकडील पाण्याच्या टाकीची गोष्ट याहून निराळी नाही.

सोयाबीनचा हिशेब

उदाहरणादाखल एक गाडी घ्यावी. पुस्तिकेत एकूण वजन १,६०० किलो व रिकामे वजन ८५० किलो आहे. म्हणजे भारक्षमता ७५० किलो झाली.

चालक व मालक, दोघांचे वजन – १३० किलो
लोखंडी जाळी व सांगाडा – ९० किलो
ताडपत्री, दोर व हत्यारे – २० किलो
एकूण वजावट – २४० किलो
मालासाठी शिल्लक – ५१० किलो

सोयाबीनचे पोते ६० किलोचे धरल्यास या गाडीत आठ पोती, म्हणजे ४८० किलो माल योग्य रीतीने जातो. प्रत्यक्षात अशा गाडीत चौदा पोती घातली तर मालच ८४० किलो होतो. वजावटीचे २४० किलो मिळवले की पाठीवरील भार १,०८० किलो, म्हणजे क्षमतेपेक्षा ३३० किलो अधिक होतो. पोती हौद्यात नीट मावलेली असतात, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

या हिशेबातून दोन उपाय आपोआप सुचतात. सोयाबीन नेताना उंच जाळीची गरज नसते. ती नट-बोल्टाने काढता-घालता येईल अशी करून घेतल्यास दीड पोत्याची जागा मिळते. दुसरे, बाजारात सहज सोबतीला आलेला प्रत्येक माणूस एका पोत्याची जागा घेतो. हौद्यात पोत्यांवर माणसे बसविणे तर हिशेबात चूक आणि जिवाला धोका, अशा दोन्ही दृष्टींनी वर्ज्य होय.

पाण्याची टाकी

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव व नांदुरा या तालुक्यांतील काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे विहिरीचे पाणी खारे असल्याने पिण्यासाठी, जनावरांसाठी व फवारणीसाठी गोडे पाणी दुरून आणावे लागते. त्याकरिता प्लॅस्टिकची टाकी गाडीवर ठेवण्याची पद्धत सोयीची असली, तरी हिशेब चुकण्याचा संभव येथेच सर्वाधिक असतो.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १,००० लिटरची टाकी वरील गाडीच्या हौद्यात सहज बसते, पण त्यातील पाणीच एक टन भरते. रिकामी टाकी एकटा माणूस उचलतो, यावरून तिच्या भाराचा अंदाज करणे म्हणजे फसगत करून घेणे होय.

याच गाडीवर फवारणीचा संच बसवावयाचा असल्यास जाळी काढून ठेवावी. मग दोन माणसे, ताडपत्री व हत्यारे वजा जाता ६०० किलो उरतात. ५०० लिटरच्या टाकीतील पाणी ५०० किलो, टाकी १५, टाकी बसविण्याची चौकट २०, इंजिन-पंप ३५ आणि नळी व फवाऱ्याची बंदूक २५, अशी बेरीज ५९५ किलो होते. संच जेमतेम बसला. जाळी तशीच ठेवली असती तर भार क्षमतेपेक्षा ८५ किलोने अधिक झाला असता.

मोठी टाकी घेऊन ती अर्धी भरावी, असा विचार कोणी करील. तो उचित नाही. अर्धवट टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस धावते व ब्रेक दाबताच पुढे आदळते. त्यामुळे गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. लहान टाकी घेऊन ती पूर्ण भरणे हाच सुरक्षित मार्ग. टाकी नुसत्या दोराने न बांधता लोखंडी चौकटीत पक्की बसवावी.

भार कोठे ठेवावा?

बंडी मागे अधिक भरली की उलाळ होते, जू वर उचलले जाते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मालगाडीलाही हाच नियम लागू आहे. पुढील व मागील चाकांत २ मीटर अंतर असलेल्या गाडीत मागील आखाच्या मागे अर्ध्या मीटरवर १०० किलोचा बोजा ठेवला, तर पुढील चाकांवरील भार २५ किलोने कमी होतो आणि मागील चाकांवर १२५ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू हाती येत नाही व पुढील ब्रेक नीट धरत नाहीत. म्हणून जड पोती किंवा टाकी मागील आखाच्या किंचित पुढे ठेवावी. जड वस्तू तळाशी व हलक्या वर रचाव्यात. दोन्ही बाजूंस भार सारखा असावा.

कापसाच्या बाबतीत प्रश्न वजनापेक्षा उंचीचा आहे. हौद्याबाहेर फुगलेला, डोक्यावर चढवलेला कापूस वाऱ्यात व वळणावर गाडीला ओढतो. शिवाय बोजा ठरलेल्या उंचीबाहेर वा बाजूंना बाहेर काढणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. उंच सांगाडा कायम बसवावयाचा असेल, तर नोंदणी अधिकाऱ्यांची मान्यता आधी घ्यावी.

घाटातील धोका

गाडी उतारावरून खाली येताना तिला आवरण्याचे काम ब्रेक करतात व त्यात उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता गाडीच्या एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सुटते. पठारावरील बुलढाण्याकडून मलकापूर किंवा खामगावच्या बाजारात उतरणाऱ्या गाड्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ज्या गियरने घाट चढता येतो, त्याच गियरने तो उतरावा. इंजिन बंद करून किंवा गियर काढून गाडी उतारावर सोडणे म्हणजे थोड्या डिझेलसाठी जीव पणाला लावणे होय. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. कमी हवा व अधिक भार यांमुळे टायर तापून फुटतात.

दोन खेपांचा खर्च

दोन खेपा परवडत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. बाजार २५ किलोमीटरवर आहे असे धरल्यास जादा खेपेत ५० किलोमीटर अंतर पडते. लिटरला १५ किलोमीटर या मानाने डिझेल साडेतीन लिटरांच्या आत लागते. त्यात चालकाचा वेळ मिळवावा. उलट बाजूस, २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये, तसेच जादा माल उतरविण्याचा खर्च, अशी तरतूद आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने हा दंड म्हणजे चार क्विंटलांहून अधिक सोयाबीन गमावणे होय. वाकलेले पाटे आणि अकाली झिजलेले टायर यांचा खर्च निराळाच.

ज्यांना दुसरी खेप खरोखरच नको असेल, अशा दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून मोठ्या क्षमतेची एक गाडी भाड्याने घ्यावी. भाडे वाटले जाते व माल एकदाच पोहोचतो.

गावपातळीवर काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील मालगाडीधारकांची एक बैठक घ्यावी व प्रत्येकाच्या पुस्तिकेवरून पुढील कामे करवून घ्यावीत.

१. एकूण वजनातून रिकामे वजन वजा करून भारक्षमता काढावी.
२. जाळी, सांगाडा व चालक यांसह गाडी वजनकाट्यावर एकदा तोलून घ्यावी. एकूण परवानगीतून हे वजन वजा केले की मालाचा खरा आकडा मिळतो.
३. माल भरल्यावर प्रथम संपूर्ण गाडी व नंतर फक्त मागील चाके काट्यावर घेऊन तोलावी. एकूण भार बरोबर असूनही मागील आखावर तो मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. ही मर्यादा गाडीसोबतच्या माहितीपुस्तकात पाहावी.
४. सोयाबीन, तूर व पाणी यांसाठी ‘इतकी पोती, इतके लिटर’ असा आकडा काढून तो चालकासमोर रंगाने लिहून ठेवावा.

या कामास एक सकाळ पुरते. बैलाच्या पाठीवर किती बोजा घालावा हे ठरविताना शेतकरी त्याच्याकडे दहा वेळा पाहतो. गाडी बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने हा आकडा समोर लिहिलेला असणे अगत्याचे आहे. भरणारा मजूर, हाकणारा चालक व माल धाडणारा मालक या तिघांनीही तो पाळला, तर माल बाजारात पोहोचेल आणि माणूस सुखरूप घरी परतेल.