आणीबाणी आणि कलम ३२

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन करतो. कलम ३२ हा संविधानाचा आत्मा आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले, हेही आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. मूलभूत हक्कांवर घाला आल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क हे कलम देते. ज्याच्यापाशी पैसा नाही, वशिला नाही आणि जातीचे बळही नाही, त्याला याहून मोठा आधार नाही. मात्र हे दार काही काळ बंद करण्याची तरतूदही याच संविधानात, कलम ३५९ मध्ये आहे. तिकडे आपण सहसा वळत नाही.

हे लपविण्याचे कारण नाही. राष्ट्राचे अस्तित्व धोक्यात आल्यास राज्यसंस्थेला जादा अधिकार हवेत, ही मसुदा समितीची भूमिका होती व बाबासाहेबांनी सभागृहात तिचे समर्थन केले. ऑगस्ट १९४९ मध्ये ह. वि. कामथ यांनी तिला कडाडून विरोध केला. आमच्या मते तरतूद असणे हा दोष नव्हता. तिच्यावरील अंकुश अपुरे होते. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द इतके सैल होते की त्यांत काहीही बसावे.

२५ जून १९७५ च्या रात्री तेच घडले. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. पाठोपाठ कलम १४, २१ व २२ यांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क तहकूब झाला. 'मिसा'खालील स्थानबद्धाला कारण सांगण्याचे बंधनही उरले नाही.

तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, असे ठरविले. सरकार अपिलात गेले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी सुनावणीत विचारले. आणीबाणी असेतो दाद मागता येणार नाही, असे उत्तर महान्यायवादींनी दिले! २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायाधीशांनी सरकारचा पक्ष मान्य केला. खन्ना एकटे विरोधात राहिले. कायद्याच्या आधाराविना कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व संविधानाच्याही आधीचे आहे, असे त्यांनी लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशांची नेमणूक झाली. त्यांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय व महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी आवश्यक झाली. कलम २० व २१ यांचे संरक्षण आता आणीबाणीतही तहकूब करता येत नाही. १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविला. याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती: सल्लागार मंडळाच्या मताविना कोणाला स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारी. संसदेने ती संमत केली. पण ती अंमलात आणणारी अधिसूचना त्यानंतरच्या एकाही केंद्र सरकारने काढलेली नाही.