रिप्लीचा रस्ता आणि ऑकमची खोली

एच. जी. वेल्स म्हटला की वाचकांना मंगळावरची स्वारी आठवते. माझ्या मनात मात्र वर्षानुवर्षे घर करून आहे ती त्याची १८९६ सालची ‘द व्हील्स ऑफ चान्स’. कापडाच्या दुकानातला हूपड्रायव्हर नावाचा नोकर वर्षाची दहा दिवसांची रजा घेतो आणि सायकलवरून दक्षिण इंग्लंड पाहायला निघतो. सायकल शिकताना पडून पडून त्याच्या पायांवर काळेनिळे डाग उमटलेले असतात. वाटेत त्याला राखाडी पोशाखातली एक तरुणी दिसते. ती सायकलवर असते आणि तिच्या अंगावर झगा नसून ढगळ विजार असते. हूपड्रायव्हर बिचारा बघतच राहतो आणि तोल जाऊन पडतो. ही विजार आणि हा रस्ता यांच्या मागे लागून मी सरे परगण्याचे जुने नकाशे धुंडाळू लागलो, आणि त्या नकाशांनी मला दोन गावांत आणून सोडले : रिप्ली आणि ऑकम. दोन्ही इवलीशी आणि एकमेकांपासून जेमतेम दीड-दोन मैलांवर.

रिप्ली लंडन ते पोर्ट्समथ या जुन्या हमरस्त्यावर आहे. रेल्वे आली, घोडागाड्या बंद पडल्या आणि हा रुंद, बांधीव रस्ता ओस पडला. तेवढ्यात सायकली आल्या. लंडनपासून रिप्ली चोवीस मैलांच्या आसपास, म्हणजे सकाळी निघून जेवायला पोहोचावे आणि दिवेलागणीला घरी परतावे इतके बेताचे. रस्ता किंग्स्टन, ईशर, कोबम असा जातो आणि मग विस्लीचे झाडाझुडपांचे माळरान ओलांडून गावात शिरतो. जमीन वाळूची असल्याने पावसानंतरही तो लवकर सुके. उंच चाकाच्या सायकलवरून तोंडघशी पडणाऱ्यांच्या दृष्टीने हे फार मोलाचे होते. लॉर्ड बरी यांनी या रस्त्याला जगातला सर्वोत्तम सायकलरस्ता म्हटले असे सांगतात. पुढे रिप्लीला सायकलस्वारांची मक्का हे नावच पडले.

पण नुसत्या चांगल्या रस्त्याने कोणाची मक्का होत नाही. रिप्लीची झाली ती ‘अँकर’ या खाणावळीमुळे. ती डिबल घराण्यातल्या बायका चालवत. आईच्या मागे ॲनी आणि हॅरिएट या मुलींनी कारभार पाहिला. चिखलाने माखलेली, घामाने थबथबलेली पोरे दारात आली की त्यांना नाक मुरडायचे नाही, पोटभर वाढायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्या काळच्या उंची हॉटेलांत सायकलवाला म्हणजे रस्त्यावरचा मवाली मानला जाई, हे लक्षात घेतले की या बहिणींचे मोल कळते. ॲनी गेली तेव्हा सायकलस्वारांनी वर्गणी काढून गावच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. खाणावळवालीच्या नावाने चर्चमध्ये खिडकी! मला हे इंग्लंडातल्या सगळ्या राजेरजवाड्यांच्या स्मारकांपेक्षा मोठे वाटते.

रिप्लीहून फुटणाऱ्या वाटांचे वर्णन करायला एक वेगळा लेख लागेल. न्यूआर्क लेनने वे नदीकडे उतरले की कुरणात बाराव्या शतकाअखेरच्या मठाचे भग्न अवशेष उभे दिसतात. पुढे चढावर पिर्फर्डचे छोटेसे नॉर्मन चर्च आहे आणि त्याच्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत. वेल्स ज्या वोकिंगला राहत होता आणि सायकल शिकला ते तिथून जवळच. मंगळवासी आले तेव्हा रिप्लीचे नवशिके गोलंदाज एक बार उडवून पळत सुटले, असे त्याने लिहिले आहे, शेजारधर्मच म्हणायचा! वोकिंगच्याही पलीकडे ब्रुकवुडच्या विस्तीर्ण दफनभूमीत पारशांचा एक भाग आहे. तिथे जमशेटजी टाटा चिरविश्रांती घेत आहेत. मुंबईच्या माणसाने तेवढी वाट वाकडी करायला हरकत नाही. दक्षिणेला हॉर्स्ली, शिअर आणि मग सरेच्या टेकड्या. २०१२च्या लंडन ऑलिंपिकची रोड रेस रिप्लीवरूनच बॉक्स हिलकडे गेली. महिलांच्या शर्यतीत भर पावसात नेदरलँड्सची मारियाना व्होस पहिली आली. लिझी आर्मिटस्टेड दुसरी आली आणि यजमानांना त्या स्पर्धेतले पहिले पदक मिळाले.

आता ऑकम. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना विल्यम ऑफ ऑकम ठाऊक असतो, संगणकवाल्यांना एडा लव्हलेस. दोघांचाही या एवढ्याशा गावाशी संबंध. चर्चच्या पूर्व भिंतीत सात उभ्या, निमुळत्या झरोक्यांची तेराव्या शतकातली खिडकी आहे, ती पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात. मी ज्यासाठी या गावात अडकलो ती जागा मात्र ‘होबॉय’ नावाचे हॉटेल.

२७ ऑक्टोबर १८९८ रोजी लेडी हार्बर्टन सायकलवरून तिथे आल्या. वय पंचावन्नच्या घरात. या काही अल्लड पोरगी नव्हत्या. १८८१ साली स्थापन झालेल्या ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’च्या त्या अध्यक्षा. बाईच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांच्या, म्हणजे सव्वातीन किलोंच्या, वर असू नये असा या संस्थेचा आग्रह. ही कमाल मर्यादा! यावरून तेव्हाच्या बायका अंगावर काय वागवत असतील याची कल्पना यावी. घोळदार झगा सायकलच्या साखळीत अडकला की बाई रस्त्यावर. म्हणून हार्बर्टनबाईंच्या अंगावर कोट आणि गुडघ्यापर्यंतची ढगळ विजार होती.

त्यांनी कॉफी रूममध्ये जेवण मागितले. कॉफी रूम म्हणजे प्रतिष्ठित गिऱ्हाइकांची जेवणाची खोली. मालकीणबाई मार्था स्प्रेग यांनी या पोशाखात तिथे बसता येणार नाही म्हणून सांगितले आणि दारूच्या गुत्त्याला लागून असलेली बैठकीची खोली दाखवली. तिथे पुरुष बसलेले, तंबाखूचा आणि दारूचा दर्प. हार्बर्टनबाईंनी तिथे जेवायला साफ नकार दिला आणि त्या पुढे निघाल्या.

बाई सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबच्या सभासद होत्या. १८७८ साली हॅरोगेटला सुरू झालेल्या या क्लबने गावोगावच्या खाणावळींशी दर ठरवून घेतले होते, त्यांच्या दारांवर पंखवाल्या चाकाची लोखंडी पाटी लावली होती. १८९९ साली त्याचे सभासद साठ हजारांवर होते. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यांतले सायकलपर्यटन या क्लबने ताटापासून उभे केले होते. ताटच नाकारले गेल्यावर तो गप्प कसा बसणार? इंग्लंडचा जुना कायदा सांगतो की पैसे द्यायला तयार असलेल्या वाटसरूला खाणावळवाल्याने सबळ कारणाशिवाय परत पाठवता कामा नये. त्याच कायद्याखाली क्लबने स्प्रेगबाईंवर फौजदारी खटला भरला. एप्रिल १८९९ मध्ये तो सरेच्या क्वार्टर सेशन्स न्यायालयात उभा राहिला.

हा खटला सर्वत्र विजारीचा खटला म्हणून सांगितला जातो. माझे मत वेगळे आहे. पंचांपुढचा प्रश्न विजारीचा नव्हताच, खोलीचा होता. स्प्रेगबाईंनी जेवण नाकारले का? नाही, दुसऱ्या खोलीत देऊ केले. ती खोली बऱ्यापैकी होती का? पंचांना ती पुरेशी वाटली आणि स्प्रेगबाई निर्दोष सुटल्या. गिऱ्हाइकाला जेवण मिळण्याचा हक्क होता, खोली निवडण्याचा नव्हता. ‘जेवण देतो, पण तिकडे बसा’ या वाक्यात किती अपमान मावतो, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. तो अपमान कायद्याच्या चिमटीत सापडत नाही, हीच या खटल्यातली खरी जखम आहे.

तरीही स्प्रेगबाईंना खलनायिका ठरवायला मी तयार नाही. खेड्यातले हॉटेल चालते ते आसपासच्या बड्या घरांच्या मर्जीवर. विजारीतली बाई पाहून चार प्रतिष्ठित गिऱ्हाइके उठून गेली असती, तर क्लब काही ते नुकसान भरून देणार नव्हता. माझा राग आहे तो त्या चार गिऱ्हाइकांवर, ज्यांना साक्षीला कोणी बोलावले नाही. आणि कौतुक आहे ते हार्बर्टनबाईंचे. उमराव घराण्यातल्या बाईला घरच्या बग्गीतून हवे तिथे जाता आले असते. त्यांनी हा तंटा अंगावर ओढून घेतला तो दुकानात, शाळेत नोकरी करून हप्त्याने सायकल घेणाऱ्या मुलींसाठी, असे मी मानतो. पुढे बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या होत्या. १९११ साली त्यांचे निधन झाले.

निकालानंतर या प्रश्नाची धार फार दिवस टिकली नाही. श्रीमंतांचे सायकलवेड १८९७ नंतर ओसरत चालले होते. ते मोटारींकडे वळले आणि रिप्लीच्या रस्त्यावर धुळीचे लोट उठू लागले. क्लबची सभासदसंख्याही घसरली. सायकली उरल्या कारकुनांकडे, कारागिरांकडे, नोकरदार बायकांकडे. त्या मंडळींनी हमरस्ता सोडून ऑकम, हॉर्स्ली, पिर्फर्डच्या आडवाटा धरल्या. रिप्लीच्या मुख्य रस्त्यावरची वाहनांची वर्दळ कमी व्हायला १९७६चा बाह्यवळण रस्ता यावा लागला.