तीन आकड्यांचा गुणाकार

अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर पन्नाशी ओलांडलेली बाई म्हणते, "पोट गच्च वाटतंय, दोन घास खाल्ले की भरतं." घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण अंडाशयाचा कॅन्सरही याच साध्या तक्रारींनी सुरू होतो. जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा हा अवयव ओटीपोटात इतका खोल असतो, की गाठ बरीच वाढेपर्यंत हाताला लागत नाही. त्याहून नवल म्हणजे, या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा प्रकार बहुधा अंडाशयात नव्हे, तर गर्भनलिकेच्या टोकाशी उगम पावतो!

मग ओळखायचा कसा? १९९० साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक गुणाकार सुचवला. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. सोनोग्राफीत गाठीत कप्पे, घट्ट भाग, पोटात पाणी अशी एक खूण दिसली तर १, जास्त दिसल्या तर ३. या दोन आकड्यांच्या गुणाकाराला रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाच्या आकड्यानं गुणायचं. समजा, दोन बायकांचा सीए-१२५ चा आकडा १२० आला. पाळी चालू आणि एकच खूण असलेलीचं उत्तर १२०. पाळी गेलेली आणि दोन खुणा असलेलीचं १०८०! उत्तर २०० च्या वर गेलं, की कॅन्सरतज्ज्ञ गाठायचा.

तरीही हे निदान नव्हे. पोटाच्या क्षयानंही पोटात पाणी होतं आणि सीए-१२५ चढतं. म्हणून तुकडा तपासावाच लागतो. क्षयाला काही महिन्यांच्या गोळ्या पुरतात, कॅन्सरला शस्त्रक्रिया आणि केमो लागते.

या केमोतलं कार्बोप्लॅटिन हे औषध ज्या घराण्यातलं, त्याचा शोधही विलक्षण. बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबच लांब वाढले, पण त्यांचं विभाजन थांबलं. १९६५ साली त्यांनी जाहीर केलं, की ही किमया विजेची नसून वीज सोडणाऱ्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगांची आहे. विभाजन थांबवणारी हीच ताकद पुढे कॅन्सरवर वापरली गेली.

या कॅन्सरसाठी निरोगी बायकांची सरसकट तपासणी करून जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांमध्ये पाहिलं गेलं. २०२१ चा निकाल नकारार्थी होता. म्हणून बाईची तक्रार मनावर घेणं फार मोलाचं. पोटफुगी, भूक मंदावणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी यांपैकी काहीही नव्यानं सुरू होऊन महिन्यात १२ हून जास्त दिवस राहिलं, तर आशाताईला सांगा, ग्रामीण रुग्णालयात दाखवा, सोनोग्राफीबद्दल विचारा. पुढे लोणी किंवा नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. खर्चाच्या धास्तीनं दुखणं अंगावर काढू नका.