रहस्यपट व मारधाडपटांविषयी सर्वसामान्य प्रेक्षकांची मते : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

‘पूर्वीच्या चित्रपटांत कथा होती, आता नुसती मारधाड उरली आहे’ हे विधान जितक्या सहजतेने ऐकावयास मिळते, तितक्याच सहजतेने ‘जुने चित्रपट फार संथ वाटतात’ हेही ऐकू येते. पहिले मत बहुधा प्रौढ प्रेक्षकाचे असते, तर दुसरे तरुणाचे. चित्रपटसमीक्षेत अशा मतांची दखल क्वचितच घेतली जाते. तथापि ही मते केवळ आवडीनिवडीची नसतात. चित्रपट कोठे, कोणाबरोबर व कोणत्या साधनाने पाहिला, तसेच प्रेक्षकाने स्वतः कोणते भय अनुभवले आहे, यांवर ती आधारलेली असतात. प्रस्तुत लेखात या मतांमागील कारणांचे विवेचन यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे.

‘रहस्यपट’ म्हणजे ज्यात गुन्हा, शंका व उलगडा यांवर कथानक उभे असते तो चित्रपट आणि ‘मारधाडपट’ म्हणजे ज्यात शारीरिक संघर्ष हाच कथेचा मुख्य आधार असतो तो चित्रपट, असा अर्थ येथे घेतला आहे. ‘सर्वसामान्य प्रेक्षक’ म्हणजे समीक्षेचे शिक्षण न घेता, करमणुकीसाठी चित्रपट पाहणारा व आपले मत गप्पांतून व्यक्त करणारा प्रेक्षक होय.

1. पाहण्याच्या साधनांतील बदल :

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चित्रपट प्रथम पोहोचला तो मुख्यतः जत्रेतील तंबूच्या टुरिंग टॉकीजमधून आणि तालुक्याच्या गावच्या चित्रपटगृहातून. 1982 नंतर रंगीत दूरदर्शन व व्हिडिओ आले. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर दोन-तीन चित्रपट पाहण्याची पद्धत गावोगावी रूढ झाली. 1990 नंतरच्या दशकात केबल आली आणि 2016 नंतर स्वस्त इंटरनेटमुळे चित्रपट हातातील मोबाइलवर आला.

या बदलाचा मतांवर थेट परिणाम होतो. 1975 साली प्रदर्शित झालेला ‘शोले’ हा सव्वातीन तासांचा चित्रपट अंधाऱ्या गृहात, शेकडो माणसांच्या शिट्ट्या व टाळ्यांसह पाहिला गेला. त्याचे संवाद ध्वनिमुद्रिकांद्वारे घरोघरी पोहोचले. तोच चित्रपट आजचा विद्यार्थी एकटा, पाच-सहा इंचांच्या पडद्यावर, मध्येच थांबवत व पुढे सरकवत पाहतो. त्यामुळे त्यास तो संथ वाटल्यास नवल नाही. दोन पिढ्या एकाच चित्रपटाविषयी बोलत असल्या, तरी त्यांनी घेतलेला अनुभव एक नसतो.

2. स्मृतीची निवड :

‘जुने ते सोने’ या मतामागे स्मृतीची गाळणी असते. विजय आनंद यांचे ‘तीसरी मंझिल’ (1966) व ‘ज्वेल थीफ’ (1967), यश चोप्रा यांचा गाण्यांविना असलेला ‘इत्तेफाक’ (1969), राजा परांजपे यांचा मराठी ‘पाठलाग’ (1964) हे चित्रपट आजही आठवले जातात. त्याच काळात निघालेले असंख्य सामान्य रहस्यपट मात्र विसरले गेले आहेत. याउलट, आजचे चांगले व वाईट असे सर्वच चित्रपट प्रेक्षकासमोर एकाच वेळी असतात. निवडक जुन्याची तुलना सरसकट नव्याशी होते आणि निष्कर्ष आधीच ठरून जातो.

‘पूर्वी सर्व काही मूळचे होते, आता केवळ नकला होतात’ हे मतही तपासून पाहावे लागते. ‘पाठलाग’वरून अवघ्या दोन वर्षांत ‘मेरा साया’ (1966) हा हिंदी चित्रपट निघाला. ‘शोले’तील साहसदृश्यांसाठी ब्रिटनमधून तंत्रज्ञ आणले गेले होते. रूपांतर व उसनवारी ही या चित्रप्रकाराची जुनीच रीत आहे.

3. गती व उत्कंठा :

तरुण प्रेक्षकाचा संथपणाविषयीचा आक्षेप मात्र निराधार नाही. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांच्या मांडणीनुसार, 1930 ते 1960 या काळातील हॉलिवूड चित्रपटांत एका दृश्यखंडाची सरासरी लांबी साधारणतः 8 ते 11 सेकंद होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती 3 ते 6 सेकंदांवर आली. भारतीय मारधाडपटांच्या संकलनातही गती वाढल्याचे सहज जाणवते. डोळ्यांस या गतीची सवय झाली की जुनी मांडणी रेंगाळल्यासारखी वाटते.

परंतु गती म्हणजे उत्कंठा नव्हे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी केलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. टेबलाखालील बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकास क्षणभर धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकास आधी कळले आणि पात्रांना मात्र ठाऊक नसले, तर तेच साधे संभाषण अनेक मिनिटे जीव टांगणीला लावते. ‘पूर्वीच्या चित्रपटांत मजा होती’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकास अनेकदा हीच उत्कंठा अभिप्रेत असते. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ (2018) सारख्या चित्रपटात ती टिकून असल्याने वयस्क प्रेक्षकही तो आवडीने पाहतात. म्हणजे खरा भेद जुन्या-नव्याचा नसून धक्का व उत्कंठा यांतील आहे.

4. शेवट व न्यायाची कल्पना :

जुन्या चित्रपटांत शेवटी गुन्हेगार कायद्याच्या हाती सापडतो, हा अनेकांच्या समाधानाचा विषय असतो. हा शेवट नेहमीच दिग्दर्शकाच्या इच्छेचा नव्हता. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळातील सेन्सॉरच्या आक्षेपामुळे पोलीस येऊन गब्बरला अटक करतात, असा बदल करावा लागला. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत 2025 मध्ये पडद्यावर आली.

मल्याळम ‘दृश्यम’ (2013) वरून निशिकांत कामत यांनी केलेल्या हिंदी ‘दृश्यम’ (2015) मध्ये याउलट घडते. चौथी नापास असलेला केबलचालक विजय साळगावकर कुटुंबाला वाचविण्यासाठी पोलिसांना चकवितो आणि प्रेक्षक त्याच्याच बाजूने उभा राहतो. विशेष म्हणजे तो हे सर्व चित्रपट पाहूनच शिकलेला असतो. सर्वसामान्य प्रेक्षकच येथे नायक झाला आहे. कायद्यावरील भरवसा व सत्तेविषयीचा संशय या दोहोंचे प्रतिबिंब प्रेक्षकाच्या ‘शेवट पटला’ किंवा ‘पटला नाही’ या छोट्याशा मतात पडते.

5. सीमावर्ती जिल्हा व तेलुगू चित्रपट :

यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा तेलंगणाला भिडलेली असून पैनगंगा काही भागात ही सीमा आखते. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी व तेलुगू अशा भाषा या जिल्ह्यात ऐकू येतात. हिंदीत ध्वनिमुद्रित केलेले दाक्षिणात्य मारधाडपट दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचले आणि ‘बाहुबली’ (2015) व ‘पुष्पा’ (2021) यांनी त्यांना मोठा पडदा मिळवून दिला. सीमेवरील वाचकास मात्र ही भाषा व हे नट सर्वस्वी परके नाहीत.

एस. एस. राजामौली यांचा ‘आरआरआर’ (2022) या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यातील एक नायक कोमराम भीम हे शेजारच्या आदिलाबाद परिसरातील गोंड नेते होते. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना 1940 मध्ये जोडेघाट येथे त्यांना मृत्यू आला. चित्रपटात त्यांची मैत्री अल्लुरी सीताराम राजू यांच्याशी दाखविली आहे. प्रत्यक्षात राजू यांचा मृत्यू 1924 मध्ये झाला आणि या दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. शिवाय चित्रपटातील भीम निजामाऐवजी मुख्यतः इंग्रजांशी लढतो. अन्यत्र जो केवळ भव्य मारधाडपट ठरतो, तो केळापूर किंवा झरी जामणी तालुक्यातील गोंड विद्यार्थ्यास आपल्या इतिहासाचे चित्र म्हणून दिसू शकतो. त्यातील अभिमान व विपर्यास या दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर मांडणे आवश्यक आहे.

6. पडद्यावरील भय व प्रत्यक्ष भय :

टी-1 अथवा ‘अवनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीशी 13 माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला राळेगाव तालुक्यात गोळी घालून ठार करण्यात आले. त्यावरून देशभर वाद झाला. अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ हा चित्रपट जून 2021 मध्ये थेट इंटरनेटवर प्रदर्शित झाला. त्याचे कथानक या घटनेशी साधर्म्य राखणारे असल्याचे सर्वत्र नमूद केले गेले. मध्य प्रदेशात चित्रित झालेल्या या चित्रपटाची नायिका वनाधिकारी आहे.

शहरातील प्रेक्षकाने या चित्रपटास संयत व विचारप्रवर्तक म्हणावे, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याला कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जाण्याची धास्ती वाटली, त्याचे मत निराळे असू शकते. थरारपटातील भय दोन-अडीच तासांत संपते. शेतकऱ्याचे भय दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर उभे असते. कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहतो, हा प्रश्न समीक्षकाच्या आधी असा प्रेक्षक विचारतो. त्याची नापसंती ही चित्रपटाविषयीची अडाणी प्रतिक्रिया नसून, आपल्या अनुभवाला मिळालेल्या जागेविषयीचे मतप्रदर्शन असते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

1) जुन्या व नव्या चित्रपटांविषयीची मते बऱ्याच अंशी पाहण्याच्या साधनांतील बदलातून व स्मृतीच्या निवडीतून घडतात.

2) ‘संथ’ व ‘वेगवान’ या शब्दांमागे उत्कंठा व धक्का यांतील भेद दडलेला असतो.

3) शेवटाविषयीच्या पसंतीत कायदा व न्याय यांविषयीची प्रेक्षकाची धारणा व्यक्त होते.

4) चित्रपटाचा विषय प्रेक्षकाच्या परिसराशी जोडला गेला की त्याच्या मताला साक्षीचे मूल्य प्राप्त होते.

महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना कादंबरीवर बोलण्याचा संकोच वाटतो. चित्रपटावर मात्र ते मोकळेपणाने बोलतात. ‘आवडला’ या उत्तरावर न थांबता कोठे पाहिला, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली व शेवट का पटला, हे तीन प्रश्न अध्यापकाने विचारल्यास त्याच गप्पांतून भाषा, इतिहास व समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापनास उपयुक्त सामग्री हाती येऊ शकते.