ओढतो हेडर, बोलणी खातो सेन्सर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळ चढली आहे. शेजारच्या शेडमध्ये लेथ घरघरतोय आणि या गॅरेजच्या रॅम्पवर २०१४ची एक पेट्रोल सेडान चढवून ठेवली आहे. खालून तिचा नवाकोरा हेडर चकाकतो. चार पाईप इंजिनातून खाली उतरतात, दोनांत मिसळतात आणि शेवटी एकात. मालक पंचविशीतला आहे. हेडर त्याने ऑनलाइन मागवून बसवून घेतला आणि तेव्हापासून चेक इंजिनचा पिवळा दिवा विझायला तयार नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला आहे. आता मागच्यासाठी नवा सेन्सर घेऊन तो उभा आहे.

"खोका फोडू नको," मिस्त्री म्हणतात. "परत घेईल दुकानदार."

स्कॅनर लागतो. पडद्यावर तीन कोड येतात: पी०१३५, पी०१४१, पी०१७१. पहिले दोन सेन्सरांच्या हीटरचे. सेन्सरमधली सिरॅमिक साधारण तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून आतच एक छोटा हीटर असतो. तिसरा कोड मिश्रण पातळ असल्याचा, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

मिस्त्री मालकाकडे वळतात. "दोनी हीटर एकदमच मरतील व्हय? एक कॅटच्या पुढं, एक मागं. मागच्याला तर कुणी हातबी लावला न्हाई."

२०१३च्या एप्रिलपासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट, काम करतो की नाही हे बघायला त्याच्या मागेही एक सेन्सर असतो. या गाडीत दोन्ही हीटरना वीज एकाच फ्यूजमधून जाते. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा बॉनेटखालचा डबा उघडून फ्यूज उपसतो. तार जळालेली. नवा घालून चावी फिरवतात, तोही लगेच जातो.

आता शोध वायरचा. मूळ मॅनिफोल्डवर पुढचा सेन्सर वर, हाताशी होता. हेडरवर त्याची जागा खाली, चारी पाईप एकत्र आल्यानंतर आहे. जागा बरोबर, कारण तिथे चारही सिलिंडरचा धूर मिळतो. पण वायर पुरेना, म्हणून बसवणाऱ्याने पिळे मारून ती लांबवली आणि वर टेप गुंडाळला. तो सांधा पाईपला टेकला आहे. टेप वितळलाय आणि हीटरची पांढरी वायर उघडी पडून लोखंडाला चिकटली आहे.

मिस्त्री मल्टिमीटरने हीटर मोजतात. थोडेसेच ओहम भरतात, म्हणजे हीटर शाबूत. जळका तुकडा कापून नवी वायर क्रिंपने जोडतात. पोरगा सोल्डरिंग गन घेऊन येतो, तर मान हलवून त्याला परत पाठवतात. अशा बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरच्या तारांमधूनच आत येते. सोल्डर ओतला की ती वाट बुजते. वायर क्लिपने बॉडीला बांधली जाते, पाईपपासून चांगली वीतभर लांब. फ्यूज टिकतो.

इंजिन सुरू होतं. हीटरचे कोड पुसल्यावर परत येत नाहीत. पातळ मिश्रणाची तक्रार मात्र तशीच आहे. आयडलला पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१च्या आसपास पडून आहे आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जवळजवळ वीस टक्के जादा पेट्रोल ओततोय. अॅक्सिलरेटर अडीच हजार आरपीएमवर धरला की तोच आकडा सहावर येतो.

"मग सेन्सरच गेला ना?" मालक विचारतो.

मिस्त्री थ्रॉटलच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. व्होल्टेज टुणकन ०.८च्या वर जातो आणि पुन्हा खाली येतो. "जित्ता हाय." मग इनटेकच्या सांध्यांवर थोडं थोडं मारून पाहतात. तिथे इंजिनचा आवाज जराही बदलत नाही. "हवा हिकडनं शिरत न्हाई."

इंजिन निवल्यावर सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून कंप्रेसरची हलकी हवा सोडतात. पोरगा हेडरच्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडतो. पहिल्या सिलिंडरच्या फ्लँजशी बुडबुडे येतात. तिथेच काजळीचा एक काळा ओघळही आहे.

"पण मामा, धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल?" मालक विचारतो.

"धूर धक्क्याधक्क्यानं जातो. धक्का गेला की मागं ओढ पडती. हेडर घेतलास कशाला? त्या ओढीसाठीच की! मग त्यो फटीतनंबी ओढणार."

ओढून घेतलेली हवा सेन्सरपर्यंत पोहोचते. सेन्सरला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो, तो इंजिनातून आला की फटीतून हे कळत नाही. सेन्सर ऑक्सिजन जास्त सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. नुकसान दुहेरी: अॅव्हरेज पडतं आणि जादा पेट्रोलने कॅट तापून खराब होतो.

हेडर उतरतो. फ्लँजवर पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकली आहे आणि जुनंच पॅकिंग पुन्हा वापरलं आहे. पोरगा सिलिकॉनची ट्यूब पुढे करतो.

"ठेव ती. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरवर बसली की मग खरंच नवा घ्यावा लागतोय."

फ्लँज शेजारी सरफेस ग्राइंडरवर जाते आणि सपाट होऊन येते. नवं स्टीलचं पॅकिंग बसतं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळले जातात. गाडी सुरू होते. व्होल्टेज ०.१ आणि ०.८च्या मध्ये झोके घेऊ लागतो. वीसचा आकडा उतरत उतरत तीनवर येतो.

"हा खोका परत करून ये," मिस्त्री हात पुसत म्हणतात. "आन् चार दिवस चालवून गाडी आण. पाईप तापून-निवून बोल्ट ढिले पडत्यात, परत आवळायला लागतील. ते झाल्याबिगर पीयूसी करू नको."